बॉस्निया-हर्झेगोविना: युद्ध थांबलं, मग गाडी अडली कुठे?

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत गेलात तर कोणीतरी बोटीवर आहेच, आणि बोटीवर गेलं की क्रोएशिया, माँटेनेग्रो, बॉस्निया अशा तिकडच्या ऑफिसरांशी कधी ना कधी गाठ पडते. त्यामुळे बॉस्नियाची राजधानी सारायेवोची काही बातमी आली की आमच्या ग्रुपवर प्रश्न सुरू होतात. दरवेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. क्रम जसे प्रश्न आले तसाच आहे, काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत आटपलीत.

हा देश नक्की कुठे आणि त्याला समुद्र आहे का?

युगोस्लाव्हिया फुटून जे देश झाले त्यातला एक. एका बाजूला क्रोएशिया, दुसऱ्या बाजूला सर्बिया आणि माँटेनेग्रो. समुद्र आहे, पण किती, तर नेउम गावापाशी साधारण २० किलोमीटर. आपल्या एकट्या सिंधुदुर्गाचा किनारा १२१ किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. त्यातून मोठं बंदर काही नाहीच, माल येतो-जातो तो जास्त करून क्रोएशियाच्या प्लोचे बंदरातून. आणि हा २० किलोमीटरचा तुकडा क्रोएशियाच्या किनाऱ्याचे दोन भाग करतो, म्हणून क्रोएशियाने समुद्रावरून पेल्येशाच पूल बांधून घेतला, चिनी कंपनीने बांधला, २०२२ ला सुरू झाला.

लोकसंख्या २०१३ च्या जनगणनेत ३५ लाखांच्या आसपास. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून २०११ ला जवळपास २५ लाख होते, म्हणजे तसा देश छोटाच.

तिथे कोण कोण राहतं?

बोस्नियाक (मुसलमान, साधारण निम्मे), सर्ब (ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, ३१ टक्क्यांच्या आसपास) आणि क्रोएट (कॅथलिक, १५ टक्के). दिसायला सारखे, बोलणं एकमेकांना शंभर टक्के कळतं. शिवाय ज्यू आहेत, रोमा आहेत, आणि "मी फक्त बॉस्नियन, बाकी काही लिहू नका" म्हणणारेही आहेत. या शेवटच्या लोकांचं काय होतं ते खाली येतंय.

युद्ध कशावरून झालं?

थोडक्यात सांगतो कारण यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल. १९९२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वातंत्र्यासाठी सार्वमत झालं, सर्बांनी बहिष्कार टाकला, एप्रिलमध्ये लढाई पेटली. सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांचा सर्ब फौजांना पाठिंबा, मध्ये वर्षभर क्रोएट आणि बोस्नियाक एकमेकांशीही लढले. सुमारे १ लाख माणसं गेली, २० लाखांच्या वर लोक घरातून उठले. सारायेवोला वेढा पडला तो जवळपास चार वर्षं. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा गावी सर्ब फौजांनी ८ हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि पोरं मारली, त्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये नरसंहार म्हटलंय. "सगळेच सारखे दोषी" असं जे लोक कमेंटमध्ये टाकतात त्यांनी ते निकाल आधी वाचावेत. गुन्हे तिन्ही बाजूंकडून झाले, शिक्षाही तिन्ही बाजूंच्या लोकांना झाल्या, पण प्रमाण सारखं नव्हतं.

डेटन डेटन म्हणतात ते काय?

अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे, तिथल्या हवाई दलाच्या तळावर नोव्हेंबर १९९५ मध्ये मिलोशेविच, क्रोएशियाचे तुज्मान आणि बॉस्नियाचे इझेतबेगोविच या तिघांना तीन आठवडे बसवून ठेवलं. अमेरिकेचे रिचर्ड होलब्रुक पाठी लागून होते. करार ठरला, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या, बंदुका थांबल्या. यात वाईट काहीच नाही, आधी मरण थांबवायचं असतं.

घोळ पुढे आहे. या कराराला परिशिष्टं जोडलेली होती आणि त्यातलं परिशिष्ट ४ म्हणजे देशाची राज्यघटना. लोकांनी कधी मत देऊन ती मंजूर केलेली नाही, तिला घटना समितीपण नाही. युद्धात ज्याच्या ताब्यात जे होतं ते त्याला मान्य करून घ्यायला जे लिहिलं, तीच घटना होऊन बसली. देशाचे दोन भाग केले, ५१ टक्के जमीन फेडरेशनला (बोस्नियाक आणि क्रोएट) आणि ४९ टक्के रिपब्लिका सर्पस्काला (सर्ब). फेडरेशनचे परत १० कँटन (म्हणजे जिल्ह्यासारखे भाग), प्रत्येकाचं वेगळं सरकार, वेगळे मंत्री. नंतर ब्रच्कोचा जिल्हा वेगळा काढला कारण तो कोणाला द्यायचा यावर एकमत होईना. मोजा आता: देशाचं १, दोन भागांची २, कँटनांची १०, ब्रच्कोचं १, अशी १४ सरकारं. आणि शिक्षणमंत्री विचाराल तर देशपातळीवर नाहीच, खाली मात्र पैशाला पासरी.

माझं मत विचाराल तर पुढच्या तीस वर्षांचं सगळं दुखणं इथेच आहे. युद्ध थांबवायला जी कुलपं लावली त्याच्या किल्ल्या युद्ध करणाऱ्या पक्षांकडेच राहिल्या, मग ते कशाला उघडतील?

तीन राष्ट्राध्यक्ष आहेत हे खरं का?

खरं. एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, चार वर्षांसाठी निवडून येतात आणि अध्यक्षपद दर आठ महिन्यांनी फिरतं. कोकणातल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. शिमग्यात पालखी कोणाच्या खांद्यावर आधी, निशाण कोण धरणार, पहिला नारळ कोणाचा, हे मानकऱ्यांमध्ये ठरलेलं असतं आणि ते ठरलेलं आहे म्हणून डोकी फुटत नाहीत. पण गावात पन्नास वर्षांपूर्वी येऊन राहिलेलं एखादं घर असतं ना, वर्गणी देतं, मांडव घालायला येतं, त्याला मान मात्र नाही, कधीच नाही, कारण यादी जुनी आहे. आणि यादी बदलायची तर बदलणार कोण, ज्यांची नावं यादीत आहेत तेच.

म्हणजे तिथेही कोणाला मान नाही?

हो. ज्यू, रोमा, मिश्र घरातले, जे स्वतःला तिघांपैकी काहीच म्हणवत नाहीत, त्यांना राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहता येत नाही. वरच्या सभागृहातही नाही, तिथे १५ जागा, पाच-पाच-पाच वाटलेल्या. एवढंच नाही, फेडरेशनमध्ये राहणारा सर्ब आणि रिपब्लिका सर्पस्कामध्ये राहणारा बोस्नियाकही राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहू शकत नाही, कारण सर्ब जागा रिपब्लिका सर्पस्काची आणि बाकी दोन फेडरेशनच्या.

याकोब फिन्सी (ज्यू) आणि देर्वो सेय्दिच (रोमा) हे दोघं यावर युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००९ मध्ये जिंकले. कोर्ट म्हणालं, हा भेदभाव आहे, बदला. त्यानंतर तसेच आणखी निकाल आले. बदल झाला का? तर नाही. बैठका झाल्या, ब्रुसेल्सला जेवणं झाली, आश्वासनं दिली, घटनेत एक अक्षर हललं नाही.

कायदे अडतात म्हणजे नेमकं काय होतं?

दोन ब्रेक आहेत. एक म्हणजे वरच्या सभागृहात कुठल्याही समाजाचे बहुसंख्य प्रतिनिधी म्हणाले की हे आमच्या मूलभूत राष्ट्रीय हिताच्या विरोधात आहे, की कायदा लटकला. दुसरा ब्रेक असा की नुसतं बहुमत पुरत नाही, दोन्ही भागांतल्या खासदारांचा ठरावीक पाठिंबा लागतो, म्हणजे खालच्या ४२ जणांच्या सभागृहात रिपब्लिका सर्पस्काच्या १४ पैकी १० जण अडून बसले की संपलं. पेपरात गाजतो तो पहिला, पण कायदे जास्त मरतात ते दुसऱ्यात, गुपचूप.

एक उदाहरण देतो, २०१३ चं. तिथे मूल जन्मलं की त्याला १३ आकडी ओळख क्रमांक मिळतो, त्याशिवाय पासपोर्ट नाही, आरोग्य विमा नाही. घटना न्यायालयाने जुन्या कायद्यातला भाग रद्द केला होता, नवीन करायची मुदत गेली आणि खासदार भांडत राहिले की क्रमांकाचे विभाग दोन भागांच्या सीमेप्रमाणे पाडायचे की नाही. फेब्रुवारीपासून जन्मलेल्या बाळांना क्रमांकच मिळेना. जूनमध्ये तीन महिन्यांच्या एका मुलीला उपचारासाठी परदेशी न्यायचं होतं, क्रमांक नाही म्हणून पासपोर्ट नाही. लोक चिडले, बाबागाड्या घेऊन संसदेसमोर आले, हाताला हात धरून इमारतीला साखळी घातली आणि खासदारांना रात्री उशिरापर्यंत बाहेर पडू दिलं नाही. या गर्दीत तिन्ही समाजाची माणसं होती. कायदा शेवटी नोव्हेंबरात झाला. बाळाच्या नंबरात कसलं आलंय राष्ट्रीय हित, पण अडवायची सोय आहे म्हटल्यावर वापरली जातेच.

हाय रिप्रेझेंटेटिव्ह हा कोण माणूस?

डेटनने नेमलेला परदेशी अधिकारी, कराराची अंमलबजावणी बघायला. डिसेंबर १९९७ मध्ये बॉन शहरातल्या परिषदेनंतर त्याला जबरदस्त अधिकार आले, कायदा थेट लागू करायचा, निवडून आलेल्या माणसाला घरी बसवायचं. ब्रिटनचे पॅडी ॲशडाउन २००२ ते २००६ होते, त्यांनी जून २००४ मध्ये एका झटक्यात जवळपास ६० जणांना पदावरून काढलं, कारण युद्धातला सर्ब नेता आणि युद्धगुन्हेगार कराजिचला पकडायला मदत होत नव्हती. २०२१ मध्ये जर्मनीचे ख्रिस्तियान श्मिट आले, त्यांनी २०२२ च्या निवडणुकीत मतदान संपलं त्याच रात्री निवडणुकीचे नियम बदलले, त्यावर पुष्कळ शिव्या खाल्ल्या.

लोकशाहीच्या हिशेबात हे बसतं का? नाही बसत. पण त्यांनी लादलेल्या गोष्टी बघा. १९९८ पर्यंत गाडीच्या नंबरप्लेटवरून कळायचं तुम्ही कुठल्या भागातले, आणि मग दुसऱ्या भागात गाडी न्यायला लोक घाबरायचे, दगड पडतील, पोलीस अडवतील. हाय रिप्रेझेंटेटिव्हच्या ऑफिसने नवीन प्लेट काढली, गावाचं नाव नाही, जिल्हा नाही, आणि अक्षरं फक्त तीच घेतली जी लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात. काही महिन्यांत रस्ते मोकळे झाले. झेंडाही तसाच लादलेला, आणि राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, नुसती धून, कारण शब्दांवर कोणाचं जमेना.

दुसरी बाजू अशी की साहेब आहेत म्हटल्यावर नेत्यांना जबाबदारी घ्यायची गरज उरत नाही. वाईट निर्णय साहेबाने घ्यायचा, आपण सभेत बोंब मारायची. ही सवय फार खोल गेलीये.

मग सुधारणा काहीच झाल्या नाहीत का?

झाल्या की, आणि याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरं. युद्धात ज्यांची घरं दुसऱ्यांनी बळकावली त्यांना ती परत द्यायची, कायदे १९९८-९९ ला आले तेसुद्धा दबावाखालीच, पण अंमलबजावणी गावपातळीवरच्या हाउसिंग ऑफिसात झाली, एकेक फाइल, एकेक कुटुंब बाहेर काढून दुसरं आत. अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्यांना काढलं. २ लाखांहून जास्त दावे होते आणि २००४-०५ पर्यंत ९० टक्क्यांच्या वर निकाली निघाले. युद्धानंतरच्या देशात असं सहसा होत नाही. बरेच जण घर परत मिळाल्यावर ते विकून आपल्या समाजाच्या भागात गेले हेही खरं, पण तो त्यांचा निर्णय, घर तर मिळालं.

सैन्य. युद्धात तीन फौजा एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. १ जानेवारी २००६ पासून एकच सैन्य, एकच संरक्षण मंत्रालय. तिन्ही समाजांच्या रेजिमेंट आहेत पण त्या बिल्ले आणि परंपरेपुरत्या, ब्रिगेड मिश्र. नाटोचं दार दिसत होतं म्हणून जमलं असं म्हणतात, असेल, पण जमलं.

व्हॅट. त्याच दिवशी सुरू झाला, सगळीकडे एकच दर, १७ टक्के, पैसा एकाच खात्यात जमा आणि मग वाटणी. त्याचं मुख्य ऑफिस मुद्दाम बान्या लुकाला, म्हणजे रिपब्लिका सर्पस्कामध्ये. चलनाचंही तसंच, एकच मार्क, युरोला बांधलेला, १.९५५८३ ला एक युरो. नेते रोज सकाळी देश तोडायची भाषा करतात, संध्याकाळी पगार त्याच मार्कात घेतात.

या तिन्हींमध्ये एक गोष्ट दिसते मला. जिथे विषय कोरडा होता, कागदपत्राचा, हिशेबाचा, आणि बाहेरचा दबाव चालू राहिला, तिथे काम झालं. जिथे "आपण कोण" हा प्रश्न मध्ये आला तिथे अडलं.

राज्यघटना बदलायचा प्रयत्नच झाला नाही का?

झाला, एप्रिल २००६ मध्ये. तीन राष्ट्राध्यक्षांऐवजी एक आणि दोन उपाध्यक्ष, पंतप्रधानाला जास्त अधिकार, असं पॅकेज होतं, बहुतेक मोठे पक्ष तयार होते. दोन तृतीयांश म्हणजे २८ मतं हवी होती, पडली २६. दोन मतांनी गेलं. विरोध कोणाचा, तर काही बोस्नियाक आणि क्रोएट खासदारांचाही, एकाला ते कमी वाटलं आणि दुसऱ्याला जास्त. त्यानंतर इतकं जवळ कोणी गेलेलं नाही.

मोस्तारचा तो पूल?

१६ व्या शतकातला दगडी पूल, नोव्हेंबर १९९३ मध्ये क्रोएट तोफांनी पाडला, २००४ मध्ये परत तसाच बांधला. फोटो सगळे त्याचेच टाकतात. पण त्याच शहरात २००८ नंतर थेट डिसेंबर २०२० मध्ये नगरपालिकेची निवडणूक झाली, मध्ये बारा वर्षं नाहीच, कारण निवडणुकीचे नियम कोर्टाने रद्द केले आणि नवीन नियमांवर दोन मोठ्या पक्षांचं जमलं नाही. तोच महापौर हंगामी म्हणून चालू. १८ वर्षांच्या पोराचं तिशीपर्यंत स्थानिक निवडणुकीत मत नाही.

शाळा वेगळ्या आहेत म्हणतात?

काही ठिकाणी इमारत एक, शाळा दोन. बोस्नियाक मुलं एका दाराने, क्रोएट मुलं दुसऱ्या, पुस्तकं वेगळी, इतिहास वेगळा, मधली सुट्टीसुद्धा वेगळ्या वेळेला. अशा शाळा पन्नासच्या वर होत्या. पण यायत्से नावाच्या गावी २०१६-१७ मध्ये उलटं झालं, तिथे एकत्र शिकणाऱ्या मुलांना वेगळं करायचा घाट कँटन सरकारने घातला, तर शाळकरी पोरंच रस्त्यावर आली आणि निर्णय मागे घ्यायला लावला. जे काम खासदारांना जमत नाही ते दहावी-बारावीच्या पोरांनी केलं, मला तर फार भारी वाटलं होतं.

हे डोडिक प्रकरण काय आहे?

मिलोराद डोडिक, रिपब्लिका सर्पस्काचे नेते, गेली वीसेक वर्षं पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष असं आलटून पालटून. एके काळी पाश्चात्त्यांचे लाडके होते, मग वेगळं होण्याची भाषा सुरू केली आणि त्यावर निवडणुका काढल्या. २०२३ मध्ये त्यांनी दोन कायद्यांवर सही केली, हाय रिप्रेझेंटेटिव्हचे निर्णय आमच्याकडे छापणार नाही आणि देशाच्या घटना न्यायालयाचे निकाल पाळणार नाही. खटला झाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये एक वर्ष कैद आणि सहा वर्षं राजकीय पदाला बंदी. ऑगस्टमध्ये अपिलातही ते कायम राहिलं, कैदेऐवजी दंड भरला, पद गेलं, नोव्हेंबरात मुदतपूर्व निवडणूक घ्यावी लागली.

सगळे म्हणत होते आता पेटणार. पेटलं नाही. धमक्या खूप झाल्या पण शेवटी त्यांनी अपील केलं त्याच कोर्टात ज्याला ते मानत नव्हते.

परत युद्ध होईल का?

मला नाही वाटत, निदान १९९२ सारखं. तेव्हा युगोस्लाव्हियाच्या सैन्याचे रणगाडे होते, आज दोन्ही भागांकडे स्वतःचं सैन्य नाही. युरोपियन युनियनची छोटी शांतता फौज २००४ पासून आहे, तिची मुदत दरवर्षी सुरक्षा परिषदेत वाढवावी लागते आणि दरवर्षी रशिया काय करणार म्हणून टेन्शन असतं.

खरा धोका वेगळाच आहे, माणसं निघून चाललीत. १९९१ ला ४४ लाख होते. नर्स, ड्रायव्हर, इंजिनियर जर्मनी-ऑस्ट्रियाला. पक्षाचं कार्ड असेल तर सरकारी नोकरी, नसेल तर बस पकडायची. ज्यांना बदल हवा तेच बाहेर, आणि जे पक्षावर अवलंबून तेच मतदानाला. याला स्थिरता म्हणायचं असेल तर म्हणा.

युरोपियन युनियनमध्ये घेतील का?

अर्ज २०१६, उमेदवार दर्जा डिसेंबर २०२२, बोलणी सुरू करायला तत्त्वतः हो मार्च २०२४. पुढचं कासवाच्या गतीने. जाणं सगळ्या नेत्यांना हवंय असं ते म्हणतात, पण गेल्यावर कंत्राटं आणि कोर्टं स्वच्छ ठेवावी लागतात, तिथे उत्साह कमी होतो.

"ह्या सगळा आमका कित्याक व्हया?"

मालवणातून आलेला प्रश्न, आहे तसा ठेवलाय. नको असेल तर सोडा की. पण प्रत्येक समाजाला पक्की जागा देऊन टाकली की भांडणं मिटतील असं ज्यांना वाटतं, आणि असं वाटणारे चहाच्या टपरीवर रोज भेटतात, त्यांनी बॉस्नियाचं हे एक प्रकरण नीट बघावं. जागा मिळाल्या, भांडण मिटलं नाही, फक्त पगारी झालं.

माझ्या बोटीवर क्रोएशियाचा चीफ इंजिनियर आणि बॉस्नियाचा इलेक्ट्रिशियन आहे. त्यांना हे विचारू का?

पहिल्याच आठवड्यात नको. "सुरुवात कोणी केली" हा प्रश्न तर कधीच नको, कोणाचा भाऊ गेला असेल, कोण स्वतः लढलेला असेल, तुम्हाला माहीत नसतं. वय पन्नाशीच्या पुढचं असेल तर जास्तच जपून. त्याने स्वतः काढलं तर ऐका, आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याला नेऊन सांगू नका, जहाज लहान असतं.

सुरुवात फुटबॉलने करा. त्यांच्या फुटबॉल फेडरेशनलाही तीन अध्यक्ष होते, तिथेही फिरती खुर्ची. एप्रिल २०११ मध्ये फिफा आणि युएफाने सांगितलं एकच अध्यक्ष ठेवा, नाहीतर बाहेर, आणि खरंच बंदी घातली. मग इवित्सा ओसिम, सारायेवोचे, युगोस्लाव्हियाचे जुने कोच, तब्येत बरी नसताना ते प्रत्येक नेत्याकडे जाऊन बसले, काही आठवड्यांत नियम बदलला, बंदी उठली, आणि टीम २०१४ च्या वर्ल्ड कपला ब्राझीलला गेली. हा विषय काढलात तर इलेक्ट्रिशियन तासभर बोलेल. चीफ इंजिनियरसमोर मात्र २०१८ ची फायनल काढा, तिथे क्रोएशिया हरली असली तरी त्याला चालतं.